माझ्या नावाची चूक

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

पाकीट बघून तू आधी घाबरला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: आईची तब्येत चांगली आहे, तुझ्या भाऊजींचा गुडघा होता तसाच आहे आणि माझंही बरं चाललंय. तिकडे तुम्ही सगळे मजेत असाल. तू फोन उचलत नाहीस. ईमेल केली की 'ठीक आहे ताई' एवढंच येतं. म्हटलं, कागदावर लिहून बघावं. माझं अक्षर तुला लागतं, निदान लागायचं.

तुला कळवायची राहिलेली गोष्ट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची आपली जुनी कामाची खोली मी दिवाळीआधीच अखेर सोडली. जिने चढवत नाहीत असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे एकटीला ती फार मोठी पडत होती. आता घरच्याच बाल्कनीला काचा बसवून घेतल्यात. तिथे एक टेबल, दोन स्क्रीन आणि तो प्रिंटर, जो एक कागद मागितला की तीन ओढतो. दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं, तेव्हा मी टोपी घालून काम करते. आईला त्याची फार गंमत वाटते. परवा शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांनी विचारलं, मुलगी काय करते. आई म्हणाली, "ती घरीच असते. कॉम्प्युटरवर काहीतरी करते." आणि तुझ्याबद्दल न विचारताच सांगितलं, "धाकटा लेखक आहे. कुठले कुठले लोक वाचतात त्याचं."

एकोणीस वर्षं मी स्वतःच्या हिमतीवर प्रोग्राम लिहून जगतेय. त्याचं झालं 'काहीतरी'. असो. आईच्या बोलण्याचं काय धरायचं.

कामं पुरेशी आहेत. वाचनालयाचं आहे, दोन दातांच्या डॉक्टरांचं आहे, बियाण्यांच्या गोदामाचं आहे. दातांच्या डॉक्टरांपैकी एकाला असं बटण हवंय की दाबलं की नको असलेला पेशंट यादीतून दिसेनासा व्हावा. मी विषय बदलला.

वाचनालयाच्या प्रमुखांची गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. मागच्या आठवड्यात गेले होते, तर ते मला म्हणतात, "तुमच्या भावाचा ब्लॉग मी नेमाने वाचतो. एकट्याने काम करणाऱ्यांसाठी काय सुंदर लिहितो तो. तुम्ही वाचता का? वाचत जा, तुम्हाला उपयोग होईल." मी हसून मान डोलावली. ज्याला मी जेवणाच्या टेबलावर बसवून पहिला प्रोग्राम लिहायला शिकवला, त्याचं वाचून आता मी शहाणी होणार.

वाचते मी. वाचत नाही असं तुला सांगत आले, पण आई रोज सकाळी फोनवर अक्षरं मोठी करून मोठ्याने वाचते, तेव्हा कान कुठे न्यायचे? तू लिहिलंयस ना, की गिऱ्हाईक सांगेल ते लिहून घ्यावं आणि त्याच दिवशी त्यालाच परत वाचून दाखवावं, निम्मे घोळ तिथेच निस्तरतात. ते माझं आहे. तू तसं म्हटलंही आहेस, ते मी नाकारत नाही. 'ताई म्हणायची' असं म्हटलंयस. म्हणायची. जणू मी वारले.

आपल्या धंद्यात एकट्या माणसाकडे असतं तरी काय? आपण खाल्लेले धक्के. तेवढीच आपली मालमत्ता. ती फुकट वाटत सुटायची, अनोळखी लोकांना सांगायचं की बघा, मी इथे इथे आपटलो, तुम्ही जपून चाला, हे मला कधी कळलंच नाही. उद्या तेच लोक आपली कामं घेऊन जातील असं मी तुला म्हणायचे, आणि तू म्हणायचास, "जाऊ देत की ताई, निदान नीट तरी करतील." तुझं हे बोलणं ऐकलं की तेव्हाही माझं डोकं फिरायचं.

आई म्हणते, दीड महिना झाला तू काही लिहिलेलं नाहीस. सकाळी फोन हातात घेते, बघते आणि ठेवून देते. कुणीतरी तुझ्या लेखाखाली काहीतरी वाकडं लिहिलं म्हणे. लोक काय, लिहितात. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

उत्तर पाठव. कागदावरच पाठव, म्हणजे आईला हातात धरता येईल.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. आईने दोनदा वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. पत्र कसलं, सहा ओळी. त्यातली चौथी ओळ मी तिला वाचून दाखवली नाही: 'मी हे का लिहीत होतो तेच आता आठवत नाही.'

ती ओळ वाचून मी दिवसभर काम केलं नाही. मागच्या पत्रात मी तुला कामांची यादी दिली, त्यात एक काम गाळलं होतं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. डायलिसिस केंद्राचं. ते अजून माझ्याकडेच आहे. पाच वर्षं मी ते फोनवरून आणि घरून सांभाळतेय, पण त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही.

आपण दोघांनी त्याबद्दल कधी धड बोलणं केलं नाही. तू बोलायला आलास की मी उठून जायचे. आज मी लिहिते, तू वाच.

सात मशीन होती, वेळापत्रक फळ्यावर खडूने लिहायचे, आणि मोठ्या सिस्टरना ते कॉम्प्युटरवर हवं होतं. रोज सकाळी त्या दिवशीच्या पेशंटची यादी निघावी आणि त्या यादीवरून प्रत्येकाला फोन जावा, एवढंच काम. तू तेव्हा दुसऱ्या कामात होतास, म्हणून सिस्टरना फोनवरच सगळं विचारून प्रोग्राम पूर्ण मी लिहिला. एखाद्याची वेळ बदलली, तर माझा प्रोग्राम आधी जुनी वेळ पुसायचा आणि मग नवी लिहायचा. खोलीत चहा पिताना मी तुला ते सांगत होते, तेव्हा तू विचारलंस, "ताई, पुसून झालं आणि लिहायच्या आत इंटरनेट गेलं तर?"

दहा ओळी बदलायच्या होत्या. तासाभराचं काम. आणि मी तुला म्हणाले, "तू चड्डीत होतास तेव्हापासून मी प्रोग्राम लिहितेय. मला शिकवू नकोस."

प्रश्न बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, बारक्या. न कळून बोलले असं नाही. तो मला सुचायला हवा होता आणि तुला सुचला, एवढंच मला बोचलं. तुझ्या सांगण्यावरून त्या ओळी बदलायला माझा हात धजेना. म्हटलं, पुढच्या आठवड्यात आपणहून बदलीन, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून केलं असं व्हायचं नाही.

पुढचा आठवडा आला नाही. केंद्रातले एक पेशंट, आपले शिंपीकाका, त्यांनी शनिवारची वेळ रविवारी करून मागितली, सिस्टरनी बदलली, आणि नेमकं तेव्हा इंटरनेट गेलं. शनिवारची वेळ पुसली गेली, रविवारची लिहिलीच गेली नाही. यादीत त्यांचं नावच उरलं नाही. कुणी फोन केला नाही. ते बिचारे फोनची वाट बघत घरी बसले. सोमवारी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. दोन दिवस ते आयसीयूत होते, नंतर आठवडाभर वॉर्डात.

केंद्रातून फोन आला तेव्हा मी तुला म्हणाले, मला ताप आहे. ताप नव्हता. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, चपला घातल्यास आणि गेलास. तिथे जाऊन तू सांगितलंस की चूक तुझी आहे. तू तिथे उभा राहून बोलणी खात होतास, आणि मी घरात दार लावून त्या दहा ओळी बदलत होते.

शिंपीकाका वाचले. तू संध्याकाळी परत आलास, मला विचारलंस, "ताप उतरला का?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. वर्षभरात तू ती खोली सोडून दुसऱ्या शहरात गेलास. आईला वाटतं, बायकोच्या नोकरीसाठी गेलास.

एवढं होऊनही मी कसंबसं निभावून नेलं असतं. पण मग नोव्हेंबरात तू तो लेख लिहिलास.

आई वाचत होती, मी बाल्कनीत होते. 'माझी सगळ्यात मोठी चूक.' केंद्राचं नाव नव्हतं, शिंपीकाकांचं नव्हतं, बाकी सगळं होतं. फक्त माणसं बदललेली. तुझ्या लेखात प्रोग्राम तू लिहिला होतास. 'ताईने विचारलं, मधेच इंटरनेट गेलं तर? मी तिला म्हणालो, मला शिकवू नकोस.' आई बाल्कनीत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझं ऐकायला हवं होतं गं त्याने."

चारशे लोकांनी तुला धन्यवाद दिले. किती प्रामाणिक, किती मोठं मन, आपली चूक अशी उघड सांगायला छाती लागते. मी सगळे वाचले. एकेक वाचत गेले आणि माझ्या अंगाचा भडका उडत गेला. तू मला शहाणी केलं होतंस, तरी. नव्हे, म्हणूनच. माझ्या हातून आयुष्यात जी एक गोष्ट खरोखर घडली, वाईट का होईना पण माझी, तिच्यावरही लोक तुझं कौतुक करत होते. माझी चूकसुद्धा माझ्यापेक्षा तुला जास्त शोभून दिसत होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पानावर जागा उरली नाही असं लिहिणार होते, पण कागद पुष्कळ उरलाय. सांगण्याआधी मला एक-दोन ठिकाणी जाऊन यायचंय.

ताई


१९ मार्च

प्रिय बारक्या,

काल फोनवर मी बोलता बोलता 'आईला देते' म्हणून फोन तिच्या हातात कोंबला. राग मानू नकोस. मला बोलता येत नव्हतं. जे बोलायचं होतं ते इथे लिहिते, आणि सगळं ओळीने लिहिते, कारण तू विचारलंस की हे सगळं उघड करायचं मी ठरवलं तरी कधी.

तुझ्या लेखाखाली 'एक जाणकार' या नावाने जे लिहिलं गेलं, ते मी लिहिलं. डिसेंबरात, दुपारी, डोक्यावर टोपी होती. 'हे केंद्र मला ठाऊक आहे. तो प्रोग्राम या लेखकाने लिहिलेलाच नव्हता. दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या नावावर खपवून नम्रतेचा आव आणला आहे.' तीन वाक्यं. पहिली दोन तर अक्षरशः खरी होती, म्हणून तिसरं लिहिताना मला लाज वाटली नाही. पाठवलं, आणि जाऊन गोदामाच्या कामाला लागले.

मला वाटलं होतं, तू उलटून म्हणशील की हो, ती माझी बहीण होती. मला तेच हवं होतं बहुतेक. तू माझं नाव घ्यावंस, म्हणजे तुझा मोठेपणा संपेल आणि आपली फिट्टंफाट होईल. तू मात्र एवढंच लिहिलंस, 'होय, प्रोग्राम मी लिहिला नव्हता. याहून जास्त सांगता येणार नाही.' मग लोक तुटून पडले. काल धन्यवाद देणारे आज खोटारडा म्हणू लागले. त्या मोठ्या कार्यक्रमात तीनशे लोकांपुढे तू बोलणार होतास, त्यांनी तूर्त नको म्हणून कळवलं. हे सगळं मी बघत होते. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी आईने फोन उघडला, थोडं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. तेव्हापासून बरं वाटेनासं झालं. तरीही मी ते काढलं नाही.

तुझी ती चौथी ओळ आली नसती तर मी अजूनही गप्प बसले असते.

मागच्या महिन्याच्या शेवटी मी केंद्रात गेले. सकाळी दहाला, एक शिफ्ट सुरू होऊन स्थिरावली होती तेव्हा. मोठ्या सिस्टर फळ्यावर पेशंटची वजनं लिहीत होत्या. मी बोलले आणि त्या वळल्या. "फोनवरच्या ताई का तुम्ही?" म्हणाल्या. पाच वर्षं नुसता आवाज.

मी म्हटलं, "सिस्टर, शिंपीकाकांच्या वेळची ती चूक माझी होती. माझ्या भावाची नव्हती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचं वजन लिहायला लागल्या.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. तो आला, हात जोडून माफी मागितली, आणि मग मलाच विचारलं, वेळ बदलायचं पान कुठून उघडतं. ज्याने लिहिलं त्याला ते माहीत नसेल?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मला प्रोग्राम नीट करून हवा होता. तो झाला. बाकीचं तुमच्या घरातलं." एवढं बोलून त्यांनी तिसऱ्या मशीनकडे बोट केलं. "ते बघा, तिथेच आहेत. त्यांना सांगायचं असेल तर सांगा. माझ्यापाशी कशाला."

शिंपीकाकांचा डावा हात नळ्यांना जोडलेला होता, उजव्या हाताने ते पेपर चाळत होते. मी कोण ते सांगितलं. ज्या यादीवरून त्यांना फोन जातो ती यादी मी करते, आणि त्या रविवारी त्यांचं नाव माझ्यामुळे गळलं. त्यांनी पेपर मिटला.

"तेव्हा एक जण यायचा," ते म्हणाले. "रोज येऊन बाहेर बसायचा. माझ्या मुलीला चहा आणून द्यायचा. चूक माझी म्हणाला होता तो."

"तो माझा भाऊ. चूक त्याची नव्हती."

"मग मला काय सांगता बाई? मी निम्मा वेळ शुद्धीवर नव्हतो. दोन दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर माझी मुलगी बसून होती. तिला सांगा."

तू रोज जायचास हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगू, तिथे त्या माणसाच्या पायाशी उभी असतानाही मला तुझा हेवाच वाटला. त्यांना तुझा चहा आठवत होता.

मुलगी कुरियरच्या ऑफिसात आहे. फोनवर बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "पाच वर्षं लागली तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

"बरं. मी कामावर आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला. माफी वगैरे काही नाही. मी पुन्हा केला नाही. तिला नको असेल तर मी कशाला तिच्या गळ्यात पडू.

मग लिहायला बसले. चार दिवस लागले. तू दर आठवड्याला कसा लिहायचास देव जाणे. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं, ते गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून ऐकत होते. म्हणाले, "कामाचा ताण होता, हे वाक्य काढ." मी म्हटलं, होता की ताण. ते म्हणाले, "असेल. पण त्याने विचारलं तेव्हा तू चहा पीत होतीस." काढलं.

आणि तुझ्याच लेखाखाली, जिथे ती तीन वाक्यं होती तिथेच, पूर्ण नावानिशी लिहिलं. प्रोग्राम माझा. प्रश्न त्याचा. जाणकारही मीच. त्याआधी आईला सांगितलं. तिने ऐकलं, बराच वेळ साडीच्या पदराची घडी घालत बसली. मग म्हणाली, "लहानपणी तू त्याचा कान पिरगळायचीस, तरी तो कधी मला येऊन सांगायचा नाही. मला वाटायचं, दोघांचं छान जमतं."

पुढचं तू वाचलंसच. वाचनालयाच्या प्रमुखांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं की पुढच्या महिन्यापासून ते दुसरी सोय बघताहेत. पहिल्या दिवशी एकवीस लोकांनी मला धाडसी म्हटलं. मी मोजले. मोजून झाल्यावर तुझ्या लेखाखाली किती होते ते पुन्हा एकदा जाऊन बघितलं. तर अशी मी आहे.

त्या एकवीस जणांत नसलेली एक बाई आहे. ती कुठल्याशा प्रसूतिगृहासाठी एकटीच प्रोग्राम लिहिते. तिने एवढंच लिहिलं: 'माझ्याकडेही आधी पुसून मग लिहिलं जातं. आज बदलते आहे.' ना कौतुक, ना काही. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. तुला का लिहीत होतो ते आठवत नसेल, तर मला वाटतं, ते हे होतं. मी लिहिलं ते हेव्यापोटी आणि लाजेपोटी, तिच्यासाठी नव्हे, तरी तिच्या कामी आलं. आणि लगेच मनात आलं की हे तुझ्या पानावर होतं म्हणून तिच्यापर्यंत पोचलं, माझं पान असतं तर कुत्रंही फिरकलं नसतं. ते टोचलं. टोचू दे.

आता कालचा फोन.

तू म्हणालास, "ताई, ते काढून टाक. तुझी कामं जातील."

"एक गेलंय."

"म्हणूनच सांगतोय."

मग मी विचारलं, जाणकार कोण ते तुला कधी कळलं. तू म्हणालास, "त्याच दिवशी. 'खपवून' हा शब्द आपल्या घरात तूच वापरतेस."

"मग बोलला का नाहीस?"

तू म्हणालास, "मला वाटलं, तू काढशील. रोज सकाळी उठून बघत होतो."

तीन महिने, बारक्या. तीन महिने रोज सकाळी. लोक तुला खोटारडा म्हणत होते आणि तू बघत होतास की ताईने काढलं का. त्यानंतर मी फोन आईच्या हातात दिला.

ते मी काढणार नाही. कामं जायची ती जातील. पण माझा तुझ्यावर रागही आहे, तोही घे. त्या दिवशी तू माझ्याऐवजी गेलास, ते मी तुला करू दिलं, त्याचं पाप माझं. लेख मात्र तू मला न विचारता लिहिलास. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. तू आपला प्रश्न मला देऊन टाकलास आणि माझी चूक उचलून नेलीस, आणि माझ्याकडे उरला तो नुसता एक खोटा ताप. ती चूक मला लागते. तिच्याशिवाय मी पुढच्या वेळी काय बदलू?

काल तू हेही म्हणालास की लोक चांगलं म्हणत होते तेव्हा तुला छान वाटलं होतं, आणि त्याची तुला लाज वाटते. हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं. पाच वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या बरोबरीला येऊन बसलास.

तुझ्या लेखातली माणसं जागच्या जागी ठेव. मग पुढचा लिही. तुला जे येतं ते मला येत नाही, हे मी आजवर कबूल केलं नव्हतं. पुढचा चांगला झाला तर माझ्या पोटात दुखेल, त्याला माझा इलाज नाही. फक्त आता जे काही म्हणायचं असेल ते नावानिशी म्हणेन. आई चष्मा पुसून वाट बघतेय.

तुझा हेवा करणारी, आणि तुझीच,
ताई